सावलीचे तिकीट

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ज्या बागेच्या फाटकाशी तिकीटखिडकी असते तिलाही आपण सार्वजनिक उद्यान म्हणतो आणि त्यातील विसंगती कोणाला खटकत नाही. शुल्क किरकोळ आहे, एवढे म्हणून विषय संपवला जातो. पण किरकोळ कोणासाठी, हा प्रश्न भिवंडीत राहून टाळता येत नाही.

हे यंत्रमागांचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर गेली होती. माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात आणि मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. परप्रांतांतून आलेले कितीतरी कामगार एकेका खोलीत दाटीने राहतात. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होतो. मागांच्या खडखडाटापासून दूर, मोकळ्या हवेत घटकाभर बसायला अशा माणसाला बागेवाचून दुसरे ठिकाण नसते. पाच-दहा रुपये म्हणजे त्याचा एक चहा. चहा की बाग, असा प्रश्न पडला तर तो चहाच घेईल, आणि त्याचे चुकले असे कोण म्हणेल?

शिवाय एकदा बसलेले शुल्क किरकोळच राहील याची शाश्वती नसते. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१७ साली पेंग्विनचे दालन खुले झाले आणि त्याच वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले. चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवली होती, हे खरे. पेंग्विन पाहण्याचे पैसे जरूर घ्यावेत. पण ही बाग १८६२ साली उघडली. तिच्या जुन्या झाडांच्या सावलीत बसण्याचे पैसे कशासाठी?

यावर देखभालीच्या खर्चाकडे बोट दाखवले जाते. तो खर्च कोण भरते? २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, जकात व स्थानिक संस्था कर गेले, आणि त्या उत्पन्नाची भरपाई राज्य शासन महानगरपालिकांना देऊ लागले. साबणाची वडी विकत घेणारा मागकामगारही हा कर भरतो. म्हणजे बागेत येण्यापूर्वीच त्याने आपला वाटा दिलेला असतो. ‘फुकटची किंमत राहत नाही’ हे दुसरे ठरीव उत्तर. पदपथ आणि रस्त्यावरचे दिवे यांना तिकीट नाही, म्हणून ते कोणी काढून टाकत नाही. बाग नीट राहते ती माळी, झाडूवाला आणि पहारेकरी यांच्यामुळे.

सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले सर्वांना खुले असावे, हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात ते पाणवठे, विहिरी व धर्मशाळांच्या संदर्भात ठरावरूपाने मांडले, आणि १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर त्याची कसोटी लागली. जातीने बंद केलेली वाट आणि तिकीटखिडकी यांना एका मापाने मोजणे त्या लढ्यावर अन्याय करणारे ठरेल. तत्त्व मात्र दोन्हीकडे लागू पडते.

कापडधंद्यातला पैसा कामगारांच्या बागेकडे वळल्याचे उदाहरणही आहे. इंग्लंडातील डर्बी येथे जोसेफ स्ट्रट या कापडउद्योजकाने १८४० साली गावाला बाग दिली. तेथे रविवार व बुधवार वगळता शुल्क होते, आणि ते जायला १८८२ साल उजाडावे लागले. आपण तेवढी वर्षे थांबण्याचे कारण नाही.

भिवंडीच्या महानगरपालिकेकडे मागणे मोठे नाही. कोणत्याही बागेला तिकीट नसावे. दुपारी फाटकाला कुलूप नसावे, कारण रात्रपाळीच्या माणसाची मोकळी वेळ तीच असते. आत पिण्याचे पाणी, दिवे आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. एवढे झाले तर ‘सार्वजनिक’ हा शब्द फलकावर लिहिताना संकोच वाटणार नाही.