जनरल थोरातांचे ऐकले असते तर!

२९ जानेवारी १९४५. ब्रह्मदेशातील अराकान किनाऱ्याजवळ कांगॉ येथील 'मेलरोज' ही टेकडी जपान्यांनी खंदक खणून पक्की धरली होती. तिच्यावर चाल करून जाणाऱ्या पंजाब पलटणीचे नेतृत्व कोल्हापूरच्या मातीत वाढलेला एक मराठा करीत होता : लेफ्टनंट कर्नल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. संगिनींची हातघाई झाली आणि टेकडी पडली. त्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थोरात, थिमय्या आणि सेन. भारतीयांना पलटण सांभाळता येईल काय, अशी शंका गोऱ्या साहेबांना वर्षानुवर्षे होती. तिघांनाही डी.एस.ओ. देऊन तिचे उत्तर त्यांनाच द्यावे लागले!

रणांगणावर शौर्य गाजवणारे अनेक असतात; परंतु शस्त्र म्यान करून मृत्यूसमोर उभे राहणे अधिक कठीण. १९५३ मध्ये कोरियात २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय अभिरक्षक दलावर आली. मेजर जनरल थोरात त्याचे प्रमुख होते. सप्टेंबरात खवळलेल्या चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला ओलीस धरले. गोळीबाराचा हुकूम द्यावा, तर त्या अधिकाऱ्याचा प्राण जाणार, कैदीही मरणार आणि भारताच्या निःपक्षपाताला काळिमा लागणार. थोरात स्वतः त्या जमावात गेले, बोलले आणि आपला अधिकारी परत घेऊन आले. या धैर्यासाठी त्यांना अशोकचक्र (द्वितीय वर्ग), म्हणजे आजचे कीर्तिचक्र, मिळाले.

अशा सेनानीचा सल्ला दिल्लीला मात्र रुचला नाही. पूर्व विभागाचे प्रमुख असताना ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी नेफाच्या संरक्षणाचा अहवाल दिला. ऐन सीमारेषेवर विखुरलेल्या चौक्या चीनला रोखू शकणार नाहीत. रसद पोहोचेल अशा मागच्या जागा बळकट करून तेथे लढावे, हे त्याचे सार. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' या सरावातून त्यांनी हे प्रत्यक्ष मांडून दाखविले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना चीनकडून धोका दिसतच नव्हता. (पंचशीलाच्या जयघोषात दुसरे काय ऐकू येणार?) अहवाल बाजूला पडला. थिमय्यांनी उत्तराधिकारी म्हणून थोरातांचे नाव सुचविले होते. १९६१ मध्ये सरसेनापती झाले थापर आणि थोरात निवृत्त झाले.

पुढील वर्षी हिमालयात जे घडले ते सर्वज्ञात आहे. पुरेसे उबदार कपडे आणि दारूगोळा नसलेल्या जवानांनी दूरच्या चौक्यांवर देह ठेवले. त्यानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. ही योजना आपल्याला पूर्वी का दाखविली नाही, असे पंतप्रधानांनी विचारले. तो प्रश्न मेनन यांनाच विचारावा, असे थोरातांनी सांगितले.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये या सेनानीचे निधन झाले. करवीरच्या किती शाळांतून त्यांचे चरित्र मुलांना सांगितले जाते?