रंग ही खूण, पुरावा नव्हे

भारतातील रूढ संकेतानुसार त्रिकला पुरवठ्याच्या तारा लाल, पिवळ्या व निळ्या असतात; उदासीन तार काळी. आंतरराष्ट्रीय संकेतात मात्र निळा रंग उदासीन तारेचा आहे. ब्रिटनने नव्या जोडकामास तो २००६ पासून बंधनकारक केला. परिणामी एकाच कारखान्यात देशी फलकातील निळी तार जमिनीच्या सापेक्ष २३० व्होल्टची, तर परदेशी यंत्रातील निळी तार उदासीन, असे सहज घडते. केवळ रंगावर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

नियंत्रण-फलकात धोका अधिक दडलेला असतो. मुख्य स्विच बंद केला तरी दुसऱ्या यंत्राकडून आलेली तार जिवंत राहू शकते. धारित्रात विद्युत्‌भार उरतो. म्हणून प्रत्येक तारेच्या टोकास आराखड्याशी जुळणारा क्रमांक असावा, स्विचच्या कुलपाची किल्ली काम करणाऱ्याजवळच राहावी, धारित्र रिते करावे आणि परीक्षक-दिवा प्रथम जिवंत तारेवर, नंतर कामाच्या तारेवर, पुन्हा जिवंत तारेवर लावून पाहावा. कारण बिघडलेला दिवाही पेटत नाहीच!

या खबरदारीस खोळंबा समजणारा मुकादम वेळ वाचवीत नाही. तो दुसऱ्याचा जीव पणास लावतो.