सूर्याची करंजी बाजूनेही बघायला हवी

रोल्लातल्या एखाद्या गच्चीवरून रात्री थेट तुमच्याच दिशेने येणारं विमान पाहा. त्याचा दिवा बराच वेळ एका जागी टांगल्यासारखा वाटतो. दूर बाजूला उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्याचा वेग लगेच कळतो. सूर्याच्या उद्रेकांबाबत आपण अजून बहुतेक वेळा गच्चीवरच उभे आहोत.

कोरोनल मास इजेक्शनमध्ये अब्जावधी टन भारित वायू चुंबकीय क्षेत्रासकट सूर्यापासून फेकला जातो. तो ढग आपल्याकडे निघाला, की कोरोनाग्राफच्या चित्रांत सूर्याभोवती मोठं होत जाणारं कडं दिसतं. ते मोठं होतंय ते ढग फुगतोय म्हणून, की जवळ येतोय म्हणून? एकाच जागेवरून पाहून हे नीट सांगता येत नाही.

२००६ साली सोडलेल्या ‘स्टीरिओ’ या जुळ्या यानांनी वाट दाखवली. एक पृथ्वीच्या पुढे, दुसरं मागे. दोन्हीकडच्या चित्रांवर एकच आकृती बसवायची: मधे फुगीर, दोन्ही टोकं निमुळती होऊन सूर्याला चिकटलेली. संशोधक तिला ‘क्रॉसाँ’ म्हणतात, तुम्ही करंजी म्हणा. करंजी टोकाकडून पाहिली तर गोल, बाजूने पाहिली तर अर्धचंद्र. दोन्ही दिसल्या, की दिशा, रुंदी आणि वेग हाती लागतात.

याची गरज किती? १८५९ मध्ये असा ढग साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर आदळला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. तेव्हा तारायंत्रं बिघडली. आज जीपीएस, वीजजाळी आणि विमानांचा रेडिओ संपर्क पणाला लागतो.

‘आदित्य-एल१’ जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जागी पोचलं. त्यावरची ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने घडली, याचा तुमच्याइतकाच मलाही अभिमान आहे. पण एल१ बिंदू सूर्य-पृथ्वी रेषेवरच आहे, म्हणजे तिथूनही विमान समोरूनच दिसतं. ‘स्टीरिओ’मधल्या एका यानाचा संपर्क २०१४ मध्येच तुटला. युरोपचं ‘व्हिजिल’ २०३१ मध्ये पृथ्वीच्या मागच्या एल५ बिंदूकडे पाठवायची योजना आहे.

म्हणून माझं मत असं: भारताचं पुढचं सौरयान पुढच्या बाजूच्या एल४ बिंदूकडे जावं, आणि त्यात अमिरातीने भागीदार व्हावं. दोन्ही देशांची यानं मंगळाच्या कक्षेत पोचलेली आहेत. एल४ हा एल१ पेक्षा शंभरपट दूर आहे, त्यामुळे माहिती पाठवणं अवघड आणि खर्चिक, हे खरं. तरी आणखी एक उत्तम डोळा समोरच बसवण्यापेक्षा साधा डोळा बाजूला बसवणं जास्त उपयोगाचं ठरेल. करंजीचं पोट किती फुगलंय, ते बाजूनेच कळतं.