पक्का रंग म्हणजे नेमका किती पक्का?

साडी घेताना आपण दुकानदाराला हटकून विचारतो, "रंग पक्का आहे ना?" चित्रकलेच्या रंगांची पेटी घेताना हे कोण विचारतं? विचारलं तरी स्वस्तातल्या पेटीवर बऱ्याचदा उत्तर छापलेलंच नसतं.

मोजता येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात. पहिली सगळ्यात कच्ची, आठवी सगळ्यात पक्की. पुढची प्रत्येक पट्टी आधीपेक्षा साधारण दुप्पट टिकते. रंगाचा नमुना अर्धा झाकून या पट्ट्यांशेजारी उजेडात ठेवायचा. तो ज्या पट्टीबरोबर विटला, तो त्याचा नंबर. झालं!

गोंधळ पुढे आहे. एएसटीएम या अमेरिकी संस्थेच्या श्रेणीत १ म्हणजे सर्वोत्तम. लोकरीच्या पट्टीत १ म्हणजे सर्वात कच्चा. त्यात कंपन्यांचे आपापले तारे. ग्राहकानं समजायचं काय?

'अलिझारिन क्रिमसन' हा लाडका लाल घ्या. ट्यूबवर त्याची खूण पीआर ८३. एएसटीएमनुसार तैलरंगात श्रेणी ३, आणि टिकाऊ कामाला १ आणि २ याच श्रेणी चालतात. तरी तो सर्रास विकला जातो.

मोठमोठ्यांनाही हे भोवलंय. व्हॅन गॉगच्या 'बेडरूम'मधल्या जांभळ्या भिंती लाल उडाल्यामुळे आज निळ्या दिसतात. रॉथकोची चित्रं हार्वर्डमध्ये १९६४ साली लागली, उन्हानं विटली आणि १९७९ साली उतरवावी लागली.

कुणी म्हणेल, शाळेतल्या पोरांना कशाला हवी ही चैन? बरोबर, सरावाला स्वस्त रंग चालतोच. पण तो कच्चा आहे हे सांगा तरी! तालुक्याच्या गावातला चित्रकार कुणाच्या तरी गेलेल्या वडिलांचं पोर्ट्रेट करतो. चार-पाच वर्षांत गालांवरची लाली उडते. मग शिव्या कुणाला? चित्रकाराला. रंग बनवणारा नामानिराळा!

मागणी साधी आहे. प्रत्येक ट्यूबवर रंगद्रव्याची खूण छापा, श्रेणी छापा आणि ती कोणत्या मोजपट्टीची तेही छापा. सरकारी पैशातून चित्रं करून घेताना निविदेत नुसतं "उत्तम दर्जाचा रंग" नको, श्रेणी लिहा. बिस्किटाच्या पुड्यावर सगळं छापून येतं, मग पिढ्यान्‌पिढ्या टिकायच्या चित्राच्या रंगावर का नाही?

तोवर चित्रकार मित्रांनो, एक करा. कागदावर रंगाचे पट्टे ओढा, अर्धे जाड पुठ्ठ्यानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत काही महिने ठेवा. मग पुठ्ठा काढून बघा. निकाल समोर असेल.