संकेतस्थळ ‘सुरू’ होते, पण कोणासाठी?

दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता ऑनलाइन जाहीर झाला आणि राज्यातील पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी एकाच वेळी संकेतस्थळांकडे धाव घेतली. करोनामुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती आणि निकाल ९९.९५ टक्के लागला होता. तरीही स्वतःचे गुण पाहण्यासाठी मुलांना कित्येक तास ताटकळावे लागले. संकेतस्थळे कोलमडल्याचे घरोघरी पहिल्या काही मिनिटांतच समजले होते.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर ठरलेला वाद रंगतो. पान उघडतच नव्हते, असे नागरिक सांगतात. सर्व्हर सुरू होता, असे यंत्रणा सांगते. दोन्ही बाजू खरे बोलत असू शकतात, ही यातील खरी गोम आहे. सर्व्हर सुरू असणे आणि त्याने सामान्य माणसाला वेळेत उत्तर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे अंतर मोजण्याचे तंत्रही नवे नाही. संकेतस्थळांचा वेग बाहेरून मोजून देणे हाच १९९५ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या कीनोट सिस्टिम्स या कंपनीचा व्यवसाय होता.

या कामासाठी ‘एजंट’ म्हणून ओळखले जाणारे छोटे संगणकीय कार्यक्रम वापरले जातात. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारचा एजंट बाहेर बसतो. निरनिराळ्या शहरांतून, निरनिराळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्यांवरून तो दर काही मिनिटांनी ग्राहकाप्रमाणेच संकेतस्थळावर येतो, पान उघडतो, अर्ज भरून पाहतो आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला याची नोंद करतो. दुसरा एजंट सर्व्हरवरील प्रणालीच्या आतच बसवलेला असतो. आलेली विनंती कोठे अडली, डेटाबेसच्या कोणत्या प्रश्नाला किती वेळ लागला, हे तो टिपतो. बाहेरचा एजंट दुखणे दाखवतो, तर आतला त्याचे कारण. दोन्ही नसतील तर काय होते, याचा धडा अमेरिकी सरकारने २०१३ साली जगासमोर गिरवला.

सहा जणांची नोंदणी

राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या आरोग्य विमा योजनेसाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. त्याच्या उभारणीत पन्नासहून अधिक कंत्राटदार होते. तरीही पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाल्याचे नंतर उघड झालेल्या सरकारी टिपणांतून दिसले. गर्दी अपेक्षेच्या कितीतरी पट होती हे खरेच, पण ती नेमकी कोठे अडते आहे हे सांगणारा फलक कोणाकडेही नव्हता. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या बाहेरच्या अभियंत्यांनी प्रथम हाती घेतले ते हेच काम. त्यांनी प्रणालीत एजंट बसवले आणि आकडे सर्वांना दिसतील असे मांडले. त्यांच्या आधारे रोज दोनदा बैठका होऊ लागल्या. पान उघडण्यास सुरुवातीला सरासरी आठ सेकंद लागत असत; डिसेंबरच्या आरंभी तो वेळ एका सेकंदाच्या आत आल्याचे सरकारने जाहीर केले. एप्रिल २०१४ पर्यंत संघराज्याची आणि राज्यांची संकेतस्थळे मिळून सुमारे ८० लाख लोकांनी विमा योजना निवडल्या.

अर्थात, नुसते मोजले म्हणजे भागले असे नाही. सरासरी हा आकडा फसवा असतो. शंभरपैकी ९५ जणांना एका सेकंदात पान मिळाले आणि पाच जण पूर्ण मिनिट थांबले, तर सरासरी चार सेकंदांच्याही आत येते. अहवालात ती शोभून दिसते; त्या पाच जणांचे काय झाले, हे मात्र त्यात दिसत नाही. म्हणूनच शंभरपैकी ९५ किंवा ९९ जणांना जास्तीत जास्त किती थांबावे लागले, हा आकडा जाणकार मागतात. आतल्या एजंटाची आणखी एक मर्यादा आहे. गर्दीमुळे जे दारातूनच परत गेले, त्यांची नोंद त्याच्याकडे नसतेच. त्यामुळे बाहेर हाहाकार माजलेला असताना आतले आकडे अगदी सुरळीत दिसू शकतात. ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी लावलेले पानही, त्याला यशस्वी प्रतिसादाचा संकेत जोडलेला असेल तर, ढिसाळपणे बसवलेला एजंट ‘सुरू’ म्हणून मोजतो. सरकारी कार्यालयांत बंद खिडकीमागे कर्मचारी हजर असतो, तसाच हा प्रकार!

ओटीपीची मेख

भारतातील सरकारी संकेतस्थळांवर एक मेख अधिकची आहे. जवळजवळ प्रत्येक सेवेच्या दाराशी मोबाइलवर येणारा ओटीपी आणि वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची परीक्षा असते. एजंट हा यंत्रच असल्याने तो या पायरीवर थांबतो. साहजिकच पाहणी मुखपृष्ठापुरती उरते. नागरिकांचा घोळ मात्र नेमका त्यापुढे, ओटीपी उशिरा येण्यात आणि तोपर्यंत सत्र संपण्यात होतो. चाचणीसाठी स्वतंत्र खाते आणि क्रमांक राखून ठेवले तर हा टप्पाही मोजता येतो. त्यासाठी सुरक्षा विभाग व कंत्राटदार यांना एकत्र बसावे लागते, आणि काम बहुधा तेथेच रेंगाळते.

प्रश्न केवळ मनस्तापाचा नाही. प्राप्तिकर खात्याचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले आणि त्यातील अडचणी अडीच महिने निस्तरल्या नाहीत. २१ ऑगस्टपासून ते उपलब्धच नसल्याचे सांगून अर्थ मंत्रालयाने ते उभारणाऱ्या इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाचारण केले. विवरणपत्राची मुदत वाढवली गेली, हे करदात्यांचे नशीब. एरवी मुदत हुकली की पाच हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क भरावे लागते. मुदतीच्या अखेरच्या रात्री आपण तीन तास प्रयत्न करत होतो, हे करदाता सिद्ध कशाने करणार? त्याच्याकडे फार तर पडद्याची छायाचित्रे असतात. नोंदवही खात्याकडे आणि कंत्राटदाराकडे असते, म्हणजे ज्यांच्या कामाचा तपास व्हायचा त्यांच्याच हाती.

यावर उपाय खर्चिक नाही. संकेतस्थळ उभारणाऱ्या कंपनीखेरीज दुसऱ्या कोणाकडे बाहेरची मोजणी सोपवावी. ती मुंबई-पुण्यातील कार्यालयांच्या वेगवान जोडणीवरूनच नव्हे, तर गडचिरोली किंवा नंदुरबारमधील मोबाइल जोडणीवरूनही व्हावी. कंत्राटाचे हप्ते त्याच आकड्यांशी बांधावेत आणि निकाल, प्रवेश किंवा कर भरण्याच्या अखेरच्या दिवसांतील प्रतिसादकाळ त्याच संकेतस्थळावर तासागणिक प्रसिद्ध करावा. मग ‘सर्व्हर सुरू होता’ या उत्तरापुढे तारीख आणि वेळ लिहिलेला दुसरा कागद ठेवता येईल.