एकाच कढईतल्या वड्या

काही वर्षांपूर्वी दोन जावा एकाच दिवशी माझ्याकडे आल्या. दोघी पन्नाशीच्या, दोघींची पाळी वर्ष-सव्वा वर्षापूर्वी गेलेली. तक्रारही एकच: रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने उशी भिजते. घर एक, स्वयंपाक एक, म्हणून मीही दोघींना एकच तक्ता दिला. रोज वाटीभर सोयावड्यांची भाजी आणि जेवणात दोन चमचे जवसाची चटणी. तीन महिन्यांनी थोरली हसत आली. धाकटी म्हणाली, "मॅडम, मला तर काडीचा फरक नाही. त्याच कढईतलं खाते हो मी." मी मान डोलावली आणि तिच्या फाइलवर लिहिले: पथ्य पाळलेले दिसत नाही.

हा शेरा तुमच्याही फाइलींत कुठे ना कुठे असेल. माझा मी या अंकात मागे घेते आहे.

थोरलीला सोयामुळेच बरे वाटले, असे मला म्हणायचे नाही. वाफांवरच्या चाचण्यांत नुसत्या पिठाच्या गोळीनेही पुष्कळ बायकांना उतार पडतो. पण धाकटीवर ठपका ठेवताना मी धरून चालले होते की ताटात पडले ते रक्तात पोचलेच. सोया-जवसातल्या वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनांच्या बाबतीत हे गृहीतक किती फसवे आहे, ते मेंढपाळांना आपल्या फार आधी कळले.

१९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात भुईक्लोव्हरच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. खच्ची केलेल्या नरांना दूध उतरल्याचेही दिसले. संशयित लवकर सापडला, तो म्हणजे क्लोव्हरमधले जेनिस्टीन. उंदरांवर त्याचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम स्पष्ट दिसत होता. पुढे कळले की मेंढीच्या पहिल्या पोटातले जिवाणू जेनिस्टीनची पार मोडतोड करून ते निरुपद्रवी करतात. खरा गुन्हेगार फॉर्मोनोनेटीन होता, आणि तो स्वतः अगदीच दुबळा. जिवाणू त्याचे आधी डेडझीन करतात आणि डेडझीनचे इक्वॉल. मेंढीच्या रक्तात फिरत होते ते हे इक्वॉल, आणि क्लोव्हरच्या पानात ते नव्हतेच. नुसत्या पानाचे पृथक्करण करत बसले असते, तर हे कोडे कधी सुटलेच नसते.

इक्वॉल हे नाव त्याहून जुने. १९३२ साली ते गाभण घोडीच्या मूत्रातून वेगळे काढले गेले, म्हणून घोड्याच्या लॅटिन नावावरून त्याचे बारसे झाले. माणसाच्या लघवीत ते ओळखायला १९८२ उजाडले. आपल्याला डेडझीन सोयातून मिळते. आपल्यातला आणि मेंढीतला फरक असा की मेंढ्या सगळ्याच इक्वॉल बनवतात, माणसे सगळी नाही. पाश्चात्त्य देशांत साधारण चारात एक-दोघे, जपान-कोरियात निम्मे किंवा थोडे जास्त. बाकीच्यांच्या आतड्यात तेच डेडझीन दुसऱ्या वाटेने जाते, किंवा तसेच राहते. इक्वॉल बनवणाऱ्या जिवाणूंपैकी एकाच्या गणाला फिनलंडच्या हर्मन आडलरक्रॉइट्झ यांचे नाव मिळाले आहे: आडलरक्रॉइट्झिया. आयुष्य वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनांवर घालवलेल्या माणसाला याहून चांगला पुरस्कार कोणता द्यायचा?

तुमच्यासमोरची व्यक्ती कोणत्या गटातली, हे लघवीवरून कळते. तीन दिवस सोया खायला द्यायचे आणि चौथ्या दिवशी लघवीतल्या इक्वॉलचे डेडझीनशी प्रमाण पाहायचे. सोयाच्या जुन्या चाचण्यांत हे दोन गट एकत्रच मोजले गेले, ही तक्रार केनेथ सेचेल यांनी २००२ मध्ये मांडली. ती रास्त होती. मात्र गट वेगळे करून झालेल्या नंतरच्या चाचण्याही एका सुरात बोलत नाहीत. जपानमध्ये २०१४ पासून इक्वॉलची तयार गोळी विकली जाते. आतड्यात होत नसेल तर बाहेरून घ्या, इतका सरळ हिशेब. मला तो थोडा जास्तच सरळ वाटतो.

इक्वॉलपेक्षा आपल्या ताटाच्या जवळचा विषय जवसाचा आहे. जवसातले लिग्नान जिवाणूंच्या हातून तीन-चार टप्प्यांत एन्टेरोडायोल आणि मग एन्टेरोलॅक्टोन होतात. या साखळीत एकट्या जिवाणूने काम भागत नाही. एक साखर तोडतो, दुसरा मिथिल काढतो, तिसरा पुढचे पाहतो. यातल्या एका टप्प्यावर एगर्थेला लेन्टा असते, आणि हीच बाई काही रुग्णांत हृदयाचे औषध डिगॉक्सिन निकामी करते. एन्टेरोलॅक्टोन बहुतेकांना जमते, पण कमी-जास्तपणा प्रचंड. जवस अख्खे की दळलेले, यानेही खूप फरक पडतो. नेदरलँड्समध्ये २००५ साली बारा जणांवर झालेल्या अभ्यासात अख्ख्या जवसातून रक्तात आलेले प्रमाण दळलेल्याच्या २८ टक्के भरले, नुसते भरडलेल्यातून ४३ टक्के. मुखवासातले अख्खे जवस जसे गिळले जातात तसेच बाहेर पडतात. भाजून, बारीक कुटून चटणी करणाऱ्या आपल्या आज्यांनी हे कोणाला विचारले नव्हते. आणि जवसाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये लिग्नान जवळजवळ नसतातच, कारण ते बियांच्या सालीत असतात.

हाच घोळ सोयाचा. "आम्ही तर सोयाबीनचंच तेल वापरतो," असे सांगणारे महिन्याला चार तरी भेटतात. डेडझीनसारखे आयसोफ्लेवोन तेलात उतरत नाहीत, ते पेंडीत राहतात. मराठवाड्याच्या शेतातले सोयाबीन गाळले की तेल आपल्या कढईत येते आणि पेंड कोंबड्यांकडे जाते. वड्या त्या पेंडीच्याच खाण्यायोग्य पिठाच्या. पण त्या उकळून, घट्ट पिळून पाणी मोरीत ओतले, तर थोडे आयसोफ्लेवोन त्या पाण्याबरोबर गेले. मी तक्ता लिहून देताना पाण्याचे एकदाही विचारले नव्हते.

त्याहून मोठी चूक वेगळीच. फिनलंडमधल्या २००२ च्या अभ्यासात, अँटिबायोटिक घेतलेल्यांच्या रक्तातले एन्टेरोलॅक्टोन कमी दिसले, आणि हा परिणाम वर्षभरानंतरही मागे रेंगाळत होता. आपण चोवीस तासांचा आहार लिहून घेतो. गेल्या वर्षभरातली औषधे विचारली तरी ती रक्तदाबाची आणि साखरेची. पाच दिवसांचा कोर्स कोणी सांगत नाही, कारण तो त्यांच्या लेखी केव्हाच संपलेला असतो.

आमच्या तक्त्यात आता तीन ओळी वाढल्या आहेत: जवस अख्खे की कुटलेले, वड्यांचे पाणी ठेवता की फेकता, आणि वर्षभरात अँटिबायोटिक किती वेळा. या ओळी छापायला दिल्या त्या दिवशी धाकट्या जाऊबाईंची जुनी फाइल काढली. पथ्याचा शेरा तिसऱ्या पानावर. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेले: लघवीचा संसर्ग वारंवार, गेल्या आठ महिन्यांत चौथा कोर्स.