एकच कॉम्प्युटर, दोन धनी

पीयूसीचे निकाल लागले की आपल्याकडे घरोघरी दोन विषय निघतात. एक प्रवेशाचा आणि दुसरा कॉम्प्युटरचा. त्यातून घरात एक पोर डिझाइनच्या कोर्सला जाणारं आणि दुसरं गेमच्या नादाचं असलं, तर मग विचारूच नका! पैसे एकाच कॉम्प्युटरपुरते आणि हक्क सांगणारे दोघं.

माझ्या बहिणीच्या घरचंच सांगतो. भाची ग्राफिक डिझाइन शिकते, भाचा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. दाजींनी भिशीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. भाचा दुकानातून कोटेशन लिहून घेऊन आला. त्यात जवळजवळ निम्मी रक्कम ग्राफिक्स कार्डाला, आणि सगळ्यात खाली, उरल्यासुरल्या पैशांत, एक स्वस्तातला मॉनिटर. अज्जीचं पालुपद एकच, "आट साकु, ओदु मुख्य." दाजी म्हणाले, "खेळासाठीच एवढे पैसे जाणार असतील तर कॉम्प्युटरच नको." जिच्या कोर्ससाठी ही खरेदी निघाली होती, ती मात्र गप्प. नंतर मला हळूच विचारते, "मामा, स्क्रीनवर बरोबर दिसलेला रंग छापून आला की वेगळाच का दिसतो?"

अख्ख्या घरात कामाचा प्रश्न तेवढा एकच होता.

वाचकहो, गेम आणि डिझाइन यांचं वैर आपण समजतो तेवढं नाही. चांगला प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि वेगवान एसएसडी दोन्हीकडे लागतेच. फाटे फुटतात ते दोन ठिकाणी, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर. गेमवाल्याचं लक्ष कार्डावर आणि डिझाइनवालीचं काम मॉनिटरवर. बहुतेक कोटेशनमध्ये कात्री लागते ती मॉनिटरला.

म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी कागदावर कामं लिहून काढा. कॉलेजात कुठली सॉफ्टवेअर शिकवतात ते सरांना विचारा. फोटोशॉपसाठी अडोबी कंपनी स्वतःच कमीत कमी ८ जीबी आणि शक्यतो १६ जीबी रॅम सांगते. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ यांत लग्नपत्रिका, लोगो, बॅनर करायचे तर भार मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर असतो, महागड्या कार्डावाचून काही अडत नाही. ब्लेंडरमध्ये थ्रीडी करायचं असेल तर मात्र कार्डाचा खरा उपयोग होतो, तासांचं काम मिनिटांवर येऊ शकतं. आणि ब्लेंडर, क्रिता, इंकस्केप ही तिन्ही फुकट आहेत बरं का! आपल्या भागातल्या मुलांना मराठी आणि कन्नड अशी दोन्ही लिप्यांतली पोस्टर करावी लागतात. त्यासाठी 'एक टाइप'चे बलू घराण्यातले फाँट फुकट मिळतात, देवनागरीही आणि कन्नडही. तेवढे पैसे भागांसाठी वाचले.

खेळांचंही तसंच लिहून काढा. व्हॅलोरंटसारखा खेळ प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवरही चालतो. नवे, मोठे खेळ मात्र चांगलं कार्ड मागतात, आणि काही तर एकेकटे १०० जीबीहून जास्त जागा खातात. पोरगं रोज कुठला खेळ खेळतं आणि कुठल्याचं नुसतं स्वप्न पाहतं, यातला फरक कागदावर लगेच दिसतो.

आता पैसे कुठे घालायचे? माझा हिशेब साधा आहे. जे पुढे सहज वाढवता येतं ते थांबलं तरी चालेल. जे वर्षानुवर्षं तसंच राहणार, ते आधी चांगलं घ्यावं.

चांगलं घ्यायचं त्यात पहिला एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकटात येणाऱ्यावर विसंबू नका. हलका एसएमपीएस जाताना सोबत बोर्डही घेऊन जाऊ शकतो. '८० प्लस' ही खूण वीज कमी वाया जाते एवढंच सांगते, वॉटचा आकडा वेगळा पाहावा लागतो. आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डाला एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. उद्या कार्ड घालायचं असेल तर आजच तेवढ्या ताकदीचा घ्या. शिवाय वीज जाते-येते अशा गावात यूपीएस हवाच, नाहीतर रात्रभराचं काम एका झटक्यात जातं.

दुसरा मदरबोर्ड. डीडीआर ४ ची रॅम डीडीआर ५ च्या खाचेत बसत नाही, त्यामुळे इथे निवड केली की पुढची वाट ठरते. एएमडीचं एएम ५ सॉकेट २०२२ मध्ये आलं, त्यावर फक्त डीडीआर ५ चालते. प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर चित्रच येणार नाही. एएमडीच्या रायझन ५ ८६००जी मध्ये मात्र बऱ्यापैकी ग्राफिक्स अंगचंच आहे. अशा प्रोसेसरला रॅमची एक मोठी पट्टी घालण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या घालाव्यात, खेळात फरक दिसतो. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा जुनं कोटेशन धरून बसू नका, ताजं घ्या.

तिसरा मॉनिटर. आयपीएस पॅनेल आणि एसआरजीबी रंग १०० टक्क्यांच्या जवळ, एवढं विचारून घ्या. भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. स्वस्त पॅनेल मुळातच रंग चुकीचे दाखवतं, बाजूने पाहिलं की आणखी बदलतात. उरलेलं अर्धं उत्तर छपाईत आहे. स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग करते, छापखाना चार शायांनी. काही झगझगीत रंग शाईत येतच नाहीत. पण निदान स्क्रीन तरी खरं बोलली पाहिजे.

कार्ड घ्यायचंच झालं तर नाव पूर्ण वाचा. आरटीएक्स ३०५० जानेवारी २०२२ मध्ये ८ जीबीचं आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं निघालं, आणि त्यात नुसती मेमरी कमी नव्हती, चिपही हलकी होती. खोक्यावर नाव तेच, काम वेगळं!

कुणी ऑफिसमधला जुना कॉम्प्युटर स्वस्तात देत असेल तर एवढं पाहा, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो.

बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे दोन पैसे वाचतील. पण बिघडलेला भाग बदलून घ्यायला कुठे जावं लागेल, हे आधी विचारा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो.

बहिणीकडे शेवटी काय ठरलं? कार्ड पुढच्या दिवाळीवर गेलं. अंगच्या ग्राफिक्सचा प्रोसेसर, दणकट एसएमपीएस आणि चांगला आयपीएस मॉनिटर आला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा निवडला, तेवढी भाच्याची बाजू राखली. भाचा दोन दिवस फुरंगटला, मग स्वतःच कार्डासाठी पैसे साठवायला लागला. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर भाचीचा, जेवणानंतर तासभर त्याचा. दाजींनी विचारलं, "पण हा गेम खेळणारच ना?" म्हटलं, "खेळेल की! पण तिच्या अभ्यासाच्या पैशांतून नव्हे."

'अंथरूण पाहून पाय पसरावे' असं आपण म्हणतो, अज्जी म्हणतात, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." दोन्ही भाषांतलं शहाणपण एकच. फक्त अंथरुणात दोघं असतील तर दोघांचेही पाय मोजा, आणि दुकानात जाताना मुलालाच नव्हे, मुलीलाही सोबत न्या.